नाईट संपल्यावरचा रस्ता

चि. भाचीस,

रोह्याच्या हॉस्पिटलात नाईट ड्युटी आणि पेणला घर म्हटल्यावर रात्र जागवायच्या युक्त्या सगळ्यांनी सांगितल्या असतील. खरा घोर आहे तो सकाळी पुढच्या सिस्टरला ओव्हर देऊन स्कूटी सुरू होते त्या वेळेचा.

दुपारी २ वाजता उठलेली सिस्टर सकाळी ८ वाजता वॉर्डातून बाहेर पडते, तेव्हा ती १८ तास जागी असते. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की १७ तासांच्या जागरणानंतर हात-डोळ्यांचा मेळ रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्य असल्याइतका बिघडतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची. पोलिसांच्या यंत्रात फुंकले तर शून्य दिसेल. महामार्गावर समोर ट्रेलर आला की ब्रेक मात्र उशिराच लागेल. म्हणून नाईट असेल तेव्हा एसटी किंवा दिवा-रोहा गाडी. स्कूटी घरीच.

दूरचा हिशोबही आहे. अमेरिकेत १९७६ पासून लाखभर परिचारिकांच्या प्रकृतीची नोंद ठेवली गेली. फिरत्या पाळ्यांत ६ किंवा अधिक वर्षे काढलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळला. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. एका महिन्याच्या नाईटने घाबरून जाऊ नये, पण वर्षे साठत जातात.

शरीराचे घड्याळ २४ तासांहून थोडे लांब चालते, त्यामुळे उशिरा झोपणे त्याला जमते, लवकर झोपणे जड जाते. ड्युटी लिस्ट मॉर्निंग, इव्हनिंग, नाईट अशी पुढे सरकली तर सोसते. इन्चार्ज सिस्टरांकडे हे मागायला संकोच नको. पहाटे ३ नंतरचा चहा टाळावा. त्याचा अंमल सकाळच्या झोपेपर्यंत टिकतो. जेवण नाईटला निघण्यापूर्वीच उरकावे, मध्यरात्री हलके काही पुरे. घरी येताना काळा चष्मा, खोलीला जाड पडदा.

सर्वांत अवघड काम घरातले. नाईट करून आलेल्या सुनेकडून ९ वाजता डब्याची अपेक्षा असते, आणि दुपारी ती झोपलेली दिसली की शेजारीणही आळशी म्हणते. लिस्ट लागली की नाईटच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिही आणि त्या दिवसांचा स्वयंपाक कोण करणार, हे सासूबाईंशी व जावईबापूंशी आधीच ठरव. बोलणे अवघड वाटले तर हे पत्रच त्यांना वाचायला दे.

तुझी,
मावशी