हात लागल्याने काही होत नाही

कोड स्पर्शाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने नाही, एका बाकावर बसल्याने नाही, हातात हात घेतल्यानेही नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात, बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटते आणि तेवढा भाग पांढरा पडतो. नववीत माझ्या बोटांवर डाग उठले तेव्हा हे आमच्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी शाळेच्या खो-खो संघात होते. हा खेळच स्पर्शाचा. आठ जणी एकाआड एक उलट्या तोंडाने बसतात, नववी धावते; पाठीवर हात टेकवून ‘खो’ म्हटल्याशिवाय बसलेलीने उठायचं नाही. डाग मनगटापर्यंत आले आणि मी खो द्यायला गेले की पुढची मुलगी माझा हात टेकायच्या आतच उठायला लागली. सर शिट्टी वाजवायचे, फाउल द्यायचे. मुली घाई करताहेत असं त्यांना वाटायचं. खरं कारण आम्हा मुलींना ठाऊक होतं, पण कुणी बोललं नाही. पुढे माझं नाव राखीव खेळाडूंत गेलं. धावण्यात मी कुठेही कमी पडले नव्हते.

मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणीही कुणी घेईनासं झालं. त्या मुली वाईट नव्हत्या. ‘तिच्यापासून जरा लांब बस गं,’ हे त्यांना घरून सांगितलेलं असायचं, कारण घरच्यांच्या लेखी कोड आणि कुष्ठरोग एकच. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला बधिरपणा येतो आणि तो आजारही औषधाने पूर्ण बरा होतो. कोडाच्या डागावर मात्र टाचणी टोचली तर इतर त्वचेइतकंच दुखतं.

दहावीत एक मुलगी आपणहून माझ्या बाकावर आली. “दुखतं का गं हे?”

“नाही.”

“बरं. मग भूमितीची वही दे.”

माझ्या मते कसं वागावं ते एवढंच आहे. मनात असेल ते सरळ विचारा आणि मग अभ्यासाला लागा. कीव नको, टक लावून बघणं नको आणि औषधं सुचवणं तर मुळीच नको. ‘मासे खाऊन दूध प्यायली असशील’ हे मी असंख्य वेळा ऐकलं. त्याने कोड होत नाही. कुणाच्या तरी सांगण्यावरून बावचीचं तेल लावून मला उन्हात बसवलं आणि मनगटभर फोड आले. त्वचारोगतज्ज्ञांकडे लवकर गेलं तर उपचारांचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.

शिक्षकांनो, वर्गात अशी मुलगी असेल तर तिला उभं करून तिच्याबद्दल भाषण देऊ नका. २५ जून हा जागतिक कोड दिन शाळा सुरू झाल्या झाल्या येतो. त्या निमित्ताने सगळ्याच वर्गांना माहिती द्या. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ (२००६) हा याच विषयावरचा चित्रपट मुलांना दाखवा. पालकांना आधार हवा असेल तर डॉ. माया तुळपुळे यांनी पुण्यात सुरू केलेली श्वेता असोसिएशन आहे.

आणि मैदानावर ती पूर्ण बाह्या घालून आली तर डाग लपवतेय असं धरून चालू नका. रंगद्रव्य नसलेली त्वचा उन्हात लवकर भाजते. सराव सकाळी किंवा ऊन उतरल्यावर ठेवा आणि तिला संघात घ्या.