डोंगरवाटेची शिदोरी

सारोळ्याच्या पश्चिमेस राजगड व तोरणा उभे आहेत. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून डोंगरधारेने तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी वाट आश्विनातही घटकेत ऊन, घटकेत पाऊस दाखविते. १४०३ मीटर उंचीच्या तोरण्यावर भिजल्या अंगाला वारा झोंबला की शरीराची ऊब झपाट्याने हरपते. अनावर थरथर व अडखळती वाचा ही धोक्याची लक्षणे होत. म्हणून पाठपिशवीत प्रथम प्लास्टिकची मोठी पिशवी बसवावी. तिच्या तळाशी कोरडे कपडे व पांघरूण, त्यावर शिधा ठेवून तोंड घट्ट बांधावे. रेनकोट, विजेरी व प्रथमोपचाराचे साहित्य सर्वांत वर, हाताशी असावे. कोरडा जोड रात्रीसाठीच राखावा; मात्र सोबती कुडकुडू लागल्यास तो प्रथम त्याला द्यावा.