अनोळखी जोडाचे वाचन

मराठी विभागाच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर लेख लिहावा, हे पाहून हा मजकूर छापखान्यात चुकून विज्ञान शाखेच्या पानांतून इकडे आला की काय, अशी शंका कित्येकांना येईल. वस्तुतः हा विषय आपल्याच प्रांतातला आहे असे माझे मत आहे. अनोळखी खूण समोर आली असता तिचा अर्थ कसा लावावा, हा मूळ प्रश्न. ती खूण कागदावर असो की पत्र्याच्या पट्टीवर, वाचण्याची रीत फारशी बदलत नाही.

प्रसंग साधा होता. मोडी कागदपत्रांची छायाचित्रे पाहून त्यांचे देवनागरीत लिप्यंतर करण्याचे काम आम्ही काही विद्यार्थी करीत होतो. या कामाला दोन पडदे फार सोयीचे पडतात. एकावर मूळ कागद मोठा करून ठेवावा व दुसऱ्यावर लिहीत जावे. आम्हाला मिळालेल्या जुन्या संगणकात एक बुटके कार्ड होते आणि त्यावर एकच रुंद जोड होता. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी त्यात डीव्हीआय केबल घालून पाहिली. ती जाईना, तेव्हा ‘जोड वाकला आहे, कार्ड भंगारात टाका, नवे घ्या’ असा निर्णय देऊन ते मोकळे झाले. नव्या कार्डासाठी पैसे नव्हते, म्हणजे काम एका पडद्यावरच रखडणार होते. तेव्हा जोड खरोखरच वाकला आहे की तो निराळाच कुणी आहे, हे ठरविणे भाग पडले.

पहिला नियम असा की, जोर लावावयाचा नाही. योग्य प्लग योग्य जागी अल्प दाबाने बसतो. तो अडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. संगणक बंद करून भिंतीवरची वायर काढावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज जाऊ द्यावी आणि मग कार्ड बाहेर काढून विजेरीच्या उजेडात, शक्य तर भिंगाने, पाहावे. पाहावयाचे म्हणजे मोजावयाचे. ओळी किती, प्रत्येक ओळीत छिद्रे किती, एखादे छिद्र गाळलेले आहे काय, कडेला स्क्रूची सोय आहे काय, आणि जोड मादी आहे की नर, म्हणजे छिद्रांचा की पिनांचा.

ही मोजदाद का करावयाची, ते जुन्या उदाहरणांवरून लक्षात येते. १९८१ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर दोन निरनिराळी कार्डे आली, एक एकरंगी मजकुरासाठी व दुसरे रंगीत चित्रांसाठी. दोहोंवर जोड एकच : दोन ओळींत पाच आणि चार अशी नऊ छिद्रे. आकार एक, पण आतले संकेत वेगळे. एकाचा पडदा दुसऱ्याला लावल्यास पडदाच बिघडण्याचा धोका असे. त्याच संगणकांच्या पाठीवर पुढे नऊ पिनांचा सिरियल जोडही आला. आकार तोच, पण तो नर आणि पडद्याचा मादी. १९८७ साली व्हीजीए आले. त्याचीही छिद्रे पंधरा आणि साउंड कार्डावरील जॉयस्टिकच्या जोडाचीही पंधराच. मात्र व्हीजीएच्या तीन ओळी, जॉयस्टिकच्या दोन. नुसते ‘पंधरा’ म्हणून भागत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद नसतो. तेथे ‘दिन’ की ‘दीन’ हे वाचणारा मागच्यापुढच्या शब्दांवरून ठरवितो. येथेही शेजार पाहावा लागतो.

१९९९ साली आलेल्या डीव्हीआयची ठेवण जरा निराळी. आठाच्या तीन ओळी, म्हणजे चोवीस छिद्रे, आणि शेजारी एक आडवी सपाट खाच. या खाचेभोवती आणखी चार छिद्रे असतील तर त्या जोडातून जुन्या पद्धतीचा, म्हणजे ॲनालॉग, संकेतही निघतो. नसतील तर केवळ डिजिटल. चार छिद्रांच्या असण्या-नसण्यावर एवढा अर्थ अवलंबून असतो. आपल्याकडे एका अनुस्वारावर जे घडते तेच.

गोल जोडांविषयी थोडक्यात सांगतो. बोटाच्या पेराएवढ्या गोल जोडात चार छिद्रे असल्यास तो दूरदर्शन संचासाठीचा एस-व्हिडिओ. सात किंवा नऊ असल्यास बहुधा त्याचाच थोरला भाऊ. तीन असल्यास व्यावसायिक कार्डांवरील त्रिमिती चष्म्याचा. आणि सहा असल्यास तो कीबोर्ड वा माउसचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी त्याचा संबंध नाही. कार्डाच्या वरच्या कडेला सोनेरी पट्ट्यांचा छोटा तुकडा दिसला तर तो दोन कार्डे एकमेकांना जोडण्यासाठी असतो. एनव्हिडियाने ही सोय २००४ साली आणली. २००७ च्या आसपासच्या काही कार्डांवर दोनच पिनांचा एक बारीक जोड दिसतो. त्यातून मदरबोर्डवरील आवाजाचा संकेत कार्डात येतो व एचडीएमआयमधून पडद्याकडे जातो. पडद्याच्या कार्डाला आवाज कशाला हवा, असे वाटून लोक त्याला विजेचा जोड समजतात. विजेचे जोड पुष्कळ ठळक असतात. त्यांतला सहा पिनांचा ७५ वॅटपर्यंत आणि आठ पिनांचा १५० वॅटपर्यंत वीज देण्यासाठी नेमलेला आहे.

आता आमच्या जोडाकडे येतो. लांबून पाहता तो हुबेहूब डीव्हीआयएवढाच रुंद, आणि दोन्ही बाजूंना स्क्रूची सोय. फसगत व्हावी अशीच त्याची योजना. जवळून पाहता सपाट खाच कोठेच नाही! ओळी तीन नव्हेत, चार. प्रत्येक ओळीत पंधरा छिद्रे. म्हणजे साठ व्हावयास हवीत. दोनदा मोजली, तरी एकोणसाठच भरली. कडेच्या एका ओळीत एक जागा बुजविलेली होती. घाईत असलेला मनुष्य या बुजलेल्या जागेलाच बिघाड म्हणेल. पण तिचा काठ स्वच्छ होता, भोवती ओरखडा नव्हता. कागदाला कसर लागून पडलेले भोक आणि लेखकाने मुद्दाम सोडलेली जागा यांत जो फरक असतो, तोच येथे होता.

जोडाचे नावच या गणनेवरून पडले आहे : डीएमएस-५९. पहिली तीन अक्षरे ‘ड्युअल मॉनिटर सोल्यूशन’ या शब्दांची आणि आकडा पिनांचा. मोलेक्स कंपनीच्या ज्या साठ पिनी जोडाच्या घराण्यातला हा आहे, तो सिस्कोच्या जुन्या राउटरांवरही दिसतो व तेथे त्याचा पडद्याशी काडीचाही संबंध नसतो. साठ पिनांचा परका प्लग या जोडात घुसू नये, याची काळजी ती बुजलेली जागा घेते.

दोन पडदे एका छिद्रसमूहात कोंबण्याची गरज का पडली, हे समजले की त्याचा आकार आपोआप उलगडतो. कचेऱ्यांसाठीचे संगणक सडपातळ होऊ लागले, तशी त्यांतली कार्डेही बुटकी झाली. पूर्ण उंचीच्या कार्डाची पट्टी सुमारे १२ सेंटिमीटर, तर बुटक्याची ८ सेंटिमीटर. तेवढ्यात दोन रुंद जोड शेजारी शेजारी बसविणे अवघड. बँका, शेअर दलालांच्या पेढ्या अशा ठिकाणी मात्र दोन पडद्यांची मागणी. तेव्हा दोन्ही पडद्यांचे संकेत एकाच जोडातून बाहेर काढावयाचे व पुढे केबलीला दोन फाटे फोडावयाचे, असा मार्ग निघाला. मॅट्रॉक्स, एटीआय, एनव्हिडिया या तिन्ही कंपन्यांनी तो वापरला. पूर्ण उंचीच्या कार्डावर असे दोन जोड बसवून चार पडदेही चालविता येत.

जोडावरून केलेला तर्क दुसऱ्या पुराव्याने पडताळावा लागतो. एकाच पोथीवर पाठ ठरवीत नाहीत. कार्डाच्या पाठीवर चिकटविलेली चिठ्ठी असते. आमच्या कार्डावरील चिठ्ठी अर्धी पुसली होती, तरी ‘क्वाड्रो एनव्हीएस २९०’ एवढे लागले. हे एनव्हिडियाचे २००७ सालचे कचेरी-कामाचे कार्ड, आणि त्यावर डीएमएस-५९ च असतो. चिठ्ठी नसेल तर आणखी एक मार्ग आहे. मदरबोर्डवरील स्वतःच्या जोडातून पडदा चालू ठेवता येत असेल, तर संगणकालाच कार्डाचा क्रमांक विचारता येतो. त्यातील पहिला भाग कंपनीचा असतो : एनव्हिडियाचा १०डीई, एटीआयचा १००२, मॅट्रॉक्सचा १०२बी. आडनाव कळले की घर सापडते.

इतके झाल्यावर केबल आणली की काम संपले असे वाटेल. पण खरी मेख पुढेच आहे. डीएमएस-५९ च्या दुफाटी केबली मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. एकीला शेवटी दोन व्हीजीए, दुसरीला दोन डीव्हीआय. कार्डाकडचे तोंड दोहोंचे एकच. जोडात डिजिटल व ॲनालॉग दोन्ही संकेत उपस्थित असतात. त्यांपैकी कोणते बाहेर आणावयाचे ते केबल ठरविते. ‘हे कार्ड डीव्हीआय चालविते’ असे विक्रेते लिहीत, ते खोटे नव्हते. पण कार्डावर डीव्हीआयचे तोंड नाही, हे सांगितले जात नसे. सोबत व्हीजीएची केबल आली आणि घरचा पडदा केवळ डिजिटल निघाला, म्हणजे ग्राहक कार्डाला दोष देत बसे.

आमचे दोन्ही पडदे एचडीएमआयचे होते. म्हणून डीव्हीआयच्या फाट्यांची केबल घेतली व प्रत्येक फाट्याला डीव्हीआय ते एचडीएमआय असा साधा जोडतुकडा लावला. दोन्हींतील चित्राचा संकेत मुळात एकाच पद्धतीचा असल्याने मध्ये कोणतेही यंत्र लागत नाही. व्हीजीएची केबल असती तर असा तुकडा लावून काहीच साधले नसते. तेथे संकेत बदलणारे वेगळे उपकरण लागते. एका फाट्यावरून १९२० बाय १२०० ठिपक्यांपर्यंतचे चित्र मिळते. मोडीच्या वळणदार रेघा वाचावयास ते पुरेसे आहे.

कोणी असे कार्ड घेऊन बसणार असेल तर त्याच्या उपयोगाची एक गोष्ट. फाट्यांवर बहुधा १ आणि २ असे आकडे कोरलेले असतात. संगणक सुरू होतानाचा मजकूर बऱ्याचदा पहिल्याच फाट्यावर उमटतो. एकच पडदा हाताशी असेल तर तो आधी १ ला लावावा, आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने आवळावेत. पक्कड लागत नाही.