धनुष्य किती शांत हवं?

मिशिगनमध्ये १ ऑक्टोबरला धनुष्याने हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्याच्या आधीचे काही आठवडे ओळखीच्या मराठी घरांमधून मला फोन येत राहतात. आपली बरीच मंडळी हल्ली या छंदाकडे वळली आहेत. कुणी रिकर्व्ह घेतलंय, कुणी लाँगबो, परसात फोमच्या ठोकळ्यावर सराव चाललाय. फोनवरचा प्रश्न बहुधा एकच असतो. "काका, माझं धनुष्य फार वाजतं. दोरीला काय लावू?" मी उलट विचारतो, "बाण किती लांबून सोडणार आहेस?" यावर बरेच जण गप्प होतात. या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं त्यांच्या मनातही आलेलं नसतं.

आधी एक सांगून ठेवतो. हे सगळं इथल्यापुरतं आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती तशीच राहायला हवी. मिशिगनमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला सरकारच परवाने देतं. १९६० सालापासून पुढे जन्मलेल्यांना, शिकाऊ परवाना सोडला तर, हंटर सेफ्टीचा कोर्स केल्याशिवाय परवाना मिळत नाही. तो कोर्स मन लावून करा. पण धनुष्याच्या आवाजाबद्दल त्यात फारसं काही सांगत नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, हिमकण पडलेल्या एका सकाळी मी ओकच्या झाडीत बसलो होतो. वारा अजिबात नव्हता. अशा हवेत खार पानांतून पळाली तरी लांबवर ऐकू येतं. उजाडल्यावर थोड्या वेळाने एक मादी आली आणि बावीस-तेवीस यार्डांवर आडवी उभी राहिली. माझं धनुष्य खेचायला ४५ पौंडांचा जोर लागणारं रिकर्व्ह, दोरीवर बीव्हरच्या केसांचे दोन गोंडे, बाहूंच्या वळणावर दोरी टेकते तिथे फेल्टच्या पट्ट्या. सरावाच्या जागी सगळे त्याला शांत धनुष्य म्हणायचे. तिने मान वर केली होती, दोन्ही कान माझ्याकडे वळलेले. नेम फुप्फुसांवर होता, बाण सुटलाही सरळ. पण तो पोहोचायच्या आत माझ्या डोळ्यांदेखत तिची पाठ खाली गेली. हरणाला उडी घ्यायची तर आधी पाय दुमडून खाली बसावं लागतं, तेवढंच तिने केलं. बाण मणक्याच्या वरून, पाठीच्या मांसातून निघून गेला.

बाण सापडला. त्यावर केस होते आणि गडद रक्त होतं. फुप्फुसाला लागलेल्या बाणावर फेसाळ, गुलाबीसर रक्त असतं, ते नव्हतं. पानांवरचे थेंब धरत आम्ही तिघे ओल्या दलदलीपर्यंत गेलो आणि तिथे माग संपला. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा गेलो. ती मिळाली नाही. अशी वरची जखम बऱ्याचदा भरून येते असं जुने शिकारी सांगतात, आणि मला ते खरं मानायचं आहे. पण जनावर जखमी होऊन दृष्टीआड झालं की त्याचं पुढे काय झालं हे आपल्याला कळत नाही. ते ओझं वाहावं लागतं. दुसऱ्या कुणावर ते येऊ नये म्हणून ही पुढची आकडेमोड देतो.

माझ्या धनुष्यातून बाण सेकंदाला साधारण १७५ फूट, म्हणजे ५३ मीटर वेगाने निघतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. २० यार्ड म्हणजे १८ मीटरच्या थोडं वर. तिथे पोहोचायला बाणाला सेकंदाचा एक तृतीयांश भाग लागतो, आवाजाला फक्त एक विसांश. हरणाच्या हातात उरतो पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ. त्यातला एक दशांश सेकंद दचकण्यात गेला असं धरू. उरलेल्या वेळात नुसतं अंग सोडून दिलं तरी गुरुत्वाकर्षणाने शरीर सहा-सात इंच खाली येतं. हरणाच्या फुप्फुसांचा पट्टा उभ्यात आठ-नऊ इंचांचा. मध्यावर धरलेला नेम पाठीत का गेला, ते इथे दिसतं. आता हाच हिशोब १२ यार्डांसाठी करा. तिथे हरीण जेमतेम एक इंच खाली येतं. धनुष्य तेच, आवाजही तोच. उलट जवळ असल्यामुळे हरणाला तो जास्त मोठा ऐकू येतो, पण त्याच्यापाशी वेळ नसतो.

काही जण म्हणतात, मग वेगवान धनुष्य घ्यावं. चाकांच्या आधुनिक कंपाउंड धनुष्यातून बाण सेकंदाला ३०० फुटांच्या आसपास जातो. तरी आवाज त्याच्या पावणेचार पट वेगाने पुढे असतो. आवाजाला हरवणं कुठल्याच धनुष्याला जमत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं: तुम्ही ज्या अंतरावरून बाण सोडता तिथल्या शांत, चरणाऱ्या हरणाला पाय दुमडायला वेळ मिळत नसेल, तर तुमचं धनुष्य पुरेसं शांत आहे. त्यापुढे आणखी शांत करण्यासाठी घातलेला पैसा आणि वेळ सरावात घातलेला बरा.

याचा अर्थ वाजरं धनुष्य चालेल असा मात्र नाही. आवाज किती मोठा यापेक्षा तो कसा आहे हे पाहा. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला सर्वांत तीक्ष्ण ऐकू येतं ते साधारण ४,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात. धातूची खणखण, दोरीचा टणत्कार, सैल स्क्रूची किणकिण, यांतला बराचसा आवाज तिथेच पोहोचतो. खालच्या पट्टीतला 'धप्प' आवाज जंगलात रोजचा आहे, फांदी पडते, ओकचं फळ पानांवर आपटतं. धनुष्य मुकं करणं कुणालाच शक्य नाही, पण त्याचा 'टण्ण' घालवून 'धप्प' करता येतो.

हे आपल्या जागेवरून नीट कळत नाही. धनुष्य आपल्या कानापासून हातभर अंतरावर असतं, मुठीतली थरथर हाडांतून जाणवते, त्यामुळे आपल्याला ते हरणापेक्षा वेगळंच ऐकू येतं. ऐकायचं ते निशाण्याच्या टोकाला. जोडीदाराला बाण सोडायला सांगा आणि तुम्ही निशाण्याच्या बाजूला, रेषेपासून चांगलं लांब, जाड बुंध्याच्या पूर्ण आड उभे राहा. तशी जागा नसेल तर ओंडक्यामागे फोन ठेवून आवाज रेकॉर्ड करा. फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर मात्र भरवसा ठेवू नका. इतका क्षणिक आवाज ती नीट पकडत नाहीत. तुलना आपल्या कानाने करा. तिकडे उभं राहिलं की आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे बाण स्वतः येताना वाजतो. उंच कापाची मोठी पिसं सळसळतात, भोकं असलेली काही पाती चक्क शीळ घालतात. धनुष्याला सहा गोंडे लावून शीळ घालणारा बाण सोडणारे लोक मी पाहिले आहेत.

दुरुस्तीची सुरुवात गोंड्यांपासून करू नका. दोरीवरचं सगळं आधी काढून टाका. मग ब्रेस हाइट बघा, म्हणजे दोरी चढवल्यावर मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर. बनवणाऱ्याने त्याची मर्यादा दिलेली असते. बऱ्याच रिकर्व्हला ती साडेसात-आठ इंचांच्या आसपास, लाँगबोला त्याहून कमी. दोरी उतरवायची, तीन-चार पीळ वाढवायचे, पुन्हा चढवायची, काही बाण सोडून ऐकायचं. त्या मर्यादेत कुठेतरी एक जागा अशी येते की आवाज एकदम खाली बसतो आणि मुठीतली थरथरही कमी होते. माझ्या धनुष्यावर ती जागा सापडली तेव्हा निम्मं काम एक पैसा न खर्चता झालं होतं.

मग नॉक, म्हणजे बाणाच्या मागची खाच. ती दोरीवर फार घट्ट बसली तर सुटताना टचकन वाजते. बाण दोरीला लावून खाली लोंबू द्या. तो आपल्या वजनाने लटकून राहिला पाहिजे आणि दोरीवर बोटाची हलकी टिचकी मारताच पडला पाहिजे.

त्यानंतर बाणाचं वजन, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं हेच. खेचलेल्या धनुष्यातली ताकद बाणाने नेली नाही तर ती धनुष्यातच राहते आणि थरथर व आवाज होऊन बाहेर पडते. जड बाण त्यातला जास्त वाटा घेऊन जातो. धनुष्याच्या दर पौंडामागे ९ ते १० ग्रेन हा चांगला ठोकताळा आहे. ४५ पौंडांच्या धनुष्याला ४५० ग्रेन, म्हणजे २९ ग्रॅमचा बाण. वेग थोडा घटतो, पण असा बाण मांसात खोल जातो आणि धनुष्य दमदार, खालच्या सुरात बोलतं. वेगाच्या हौसेने अगदी हलके बाण वापरू नका. त्यात आवाज तर वाढतोच, शिवाय बाहू तडकण्याची भीती असते.

एवढं झाल्यावर गोंडे. तंबोऱ्याच्या तारेवर बोट टेकवावं तसं त्यांचं काम. दोन पुरतात, एक वरच्या टोकापासून साधारण एक चतुर्थांश लांबीवर, दुसरा खालच्या टोकापासून एक तृतीयांशावर. दोन्ही अंतरं सारखी ठेवत नाहीत, म्हणजे दोरीचा कुठलाच कंप सुटत नाही. लोकरीचे गोंडे पावसात पाणी पितात आणि जड होतात, बीव्हरचे केस झटकले की कोरडे होतात, रबराच्या झुपक्यांना पावसाने काही होत नाही. गोंडे जितके जास्त तितकं दोरीवर वजन वाढून बाण मंदावतो. रिकर्व्हच्या वळणावर दोरी आपटते तिथे फेल्टची पट्टी लावा. लाँगबोची दोरी तशी बाहूवर टेकत नाही, त्यामुळे ते मुळातच कमी वाजतं. धनुष्यावरचा भाता असेल तर त्याचे स्क्रू तपासा. आणि नेहमीचा आवाज एखाद्या दिवशी अचानक बदलला तर पुढचा बाण लावायच्या आधी बाहूंवर तडा आहे का, नॉक फुटला आहे का, हे उजेडात बघा.

इतकी मेहनत घेऊन बरेच जण बाण सुटण्याआधीच्या आवाजांकडे दुर्लक्ष करतात. खेचताना ॲल्युमिनियमचा बाण धनुष्याच्या टेकणीवर घासून खरखर करतो, तिथे केसाळ कातड्याचा तुकडा चिकटवा. थंडीच्या जॅकेटची बाही दोरीला लागली तर आवाजही होतो आणि बाणही भरकटतो, तेव्हा आर्मगार्ड बाहीवरून बांधा आणि त्याच जॅकेटमध्ये सराव करा. चालत्या हरणाला थांबवायला तोंडाने 'माऽऽ' असा आवाज काढायची इथे पद्धत आहे. हरीण थांबतं खरं, पण सावध होऊन थांबतं. बंदुकीवाल्याला ते चालतं. आपल्याला पारंपरिक धनुष्याने त्या क्षणी बाण सोडायचा नसतो.

त्या सकाळी माझ्या धनुष्याचा आवाज काही वेगळा नव्हता, हे मला आता पक्कं माहीत आहे. वेगळ्या होत्या त्या गोठलेली शांतता, अंतर आणि तिचे वळलेले कान. मान खाली, शेपटी सैल हलते आहे, कान इकडेतिकडे फिरताहेत, असं हरीण दचकायला वेळ घेतं. मान ताठ, कान रोखलेले, पुढचा पाय आपटतंय, असं हरीण पाय दुमडून तयारच असतं. ऑक्टोबरच्या वाऱ्यात मेपलची पानं सळसळत असताना जे अंतर चालतं ते नोव्हेंबरच्या निश्चल पहाटे चालत नाही.

जवळ जाणं हीच या विद्येची मूळ परंपरा आहे. अमेरिकेतल्या आधुनिक धनुष्य-शिकारीचा धागा यही जमातीच्या इशीपर्यंत जातो. १९११ साली तो कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलजवळ लोकांसमोर आला आणि १९१६ मध्ये वारला. मधल्या काळात सॅक्स्टन पोप हे त्याचे डॉक्टर आणि शिष्यही झाले. इशी जनावराला आवाज देऊन बोलावण्यात आणि दबकत जवळ जाण्यात वाकबगार होता, असं पोप यांनी लिहून ठेवलं आहे.

माझी मर्यादा आता १५ यार्ड आहे, आणि हरीण सावध असेल तर बाण भात्यातच राहतो. तुमची मर्यादा तुमच्या धनुष्याचा वेग मोजून, वरचा हिशोब करून तुम्हीच ठरवा आणि हंगामाआधी घरच्यांना सांगून ठेवा. तरीही कधी बाण चुकीच्या जागी लागलाच तर लाजून गप्प बसू नका. मिशिगनमध्ये दोरीला बांधलेल्या कुत्र्याकरवी जखमी हरणाचा माग काढायला परवानगी आहे आणि हे काम आवडीने करणारी माणसं इथे आहेत. तुमच्या भागातल्या अशा एखाद्या माणसाचा नंबर पहिला बाण सोडायच्या आधी फोनमध्ये ठेवा, आणि गरज पडली तर माग तुडवला जाण्यापूर्वी त्याला बोलवा.