तळं, गढी आणि पाणंद : फ्रान्समधल्या पायवाटांचा एक धडा

गेल्या सेमिस्टरला तुलनात्मक साहित्याच्या पेपरला आम्हांला जॉर्ज सांदची 'ला मार ओ दियाब्ल' ही छोटी कादंबरी होती. १८४६ची. मराठीत नाव सांगायचं तर 'सैतानाचं तळं'. मी ती इंग्रजी अनुवादातून वाचली आणि असाइनमेंटमध्ये मोठ्या ऐटीत एक वाक्य लिहिलं : 'मध्य फ्रान्समधली ही तळी म्हणजे मानवी हाताचा स्पर्श न झालेला निसर्ग.' वाक्य मला फारच आवडलं होतं. बाईंनी त्याखाली लाल पेनने रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला : 'कशावरून?'

हा लेख म्हणजे त्या एका शब्दाचं उत्तर आहे. उत्तर शोधताना मी कादंबरीतून नकाशात गेले, नकाशातून तिथल्या पायवाटांवर, आणि शेवटी, का ते पुढे कळेल, आमच्या मामाच्या गावातल्या एका बंद पाणंदीपाशी येऊन थांबले. फ्रान्सला मी गेलेले नाही. हा प्रवास पुस्तकातला आणि नकाशातला आहे, हे आधीच सांगून टाकते.

आधी कादंबरी. जॉर्ज सांद हे पुरुषी टोपणनाव. लेखिकेचं खरं नाव ओरोर द्युपँ. जन्म १८०४, मृत्यू १८७६. आयुष्याचा मोठा भाग तिने बेरी प्रांतातल्या नोआँ या खेड्यात काढला. तिथल्या तिच्या घराला फ्रेंचमध्ये 'शातो' म्हणतात. या शब्दाने मला आधी फसवलं. शातो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बुरुजांचा किल्ला येतो. पण नोआँचं घर आपल्याकडच्या वाड्यासारखं आहे. तटबंदीची गढी असो, राजाचा महाल असो की जमीनदाराचा वाडा, फ्रेंचमध्ये सगळ्यांना शातोच. म्हणून अनुवाद वाचताना 'कॅसल' दिसलं की दर वेळी थांबून विचारायचं : यातलं नेमकं काय?

कथा साधी आहे. जेर्मँ हा तीन मुलांचा विधुर शेतकरी. सासराच त्याला सांगतो, दुसरं लग्न कर, अमुक गावच्या विधवेला भेटून ये. घोड्यावर त्याच्यासोबत शेजारची सोळा वर्षांची मारी निघते, तिला परगावी मेंढ्या राखायच्या कामावर जायचंय. जेर्मँचा लहानगा मुलगा हट्टाने वाटेत सामील होतो. संध्याकाळी रानात धुकं उतरतं, वाट चुकते. ते फिरफिरून पुन्हा त्याच तळ्याशी येतात. त्या रात्री ओकच्या झाडांखाली शेकोटी पेटवणारी, पोराला खाऊ घालून झोपवणारी मारी जेर्मँला नव्याने दिसते. पुढचं तुम्ही ओळखलं असेल.

मला सगळ्यांत भावला तो एक तपशील. गावातल्या समजुतीप्रमाणे त्या तळ्याशी थांबणाऱ्याने डाव्या हाताने तीन दगड पाण्यात टाकायचे आणि उजव्या हाताने क्रुसाची खूण करायची, म्हणजे भुतंखेतं लांब राहतात. वाचताना मला हसू आलं, आणि आजी आठवली. तिन्हीसांजेला विहिरीजवळून जाताना तीही क्रुसाची खूण करायची.

आता बाईंच्या 'कशावरून?'कडे येते. कादंबरीतलं तळं ज्या अँद्र जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात पश्चिमेला ब्रेन नावाचा प्रदेश आहे. त्याला 'हजार तळ्यांचा मुलूख' म्हणतात. प्रत्यक्षात तळी तीन हजारांहून जास्त आहेत. माझं 'स्पर्श न झालेला निसर्ग' हे वाक्य इथेच कोसळलं. कारण ही तळी माणसांनी बांधलेली आहेत, मध्ययुगापासून.

तिथली जमीन चिकणमातीची आणि वाळूची. पावसाळी दिवसांत पाणी मुरत नाही, उन्हाळ्यात भेगा पडतात; शेतीला वाईट. मग मठवासीयांनी आणि जमीनदारांनी सखल जागी मातीचे बांध घालून पाणी अडवलं आणि त्यात कार्प जातीचे मासे सोडले. मासेच का? कारण मध्ययुगीन ख्रिस्ती जगात वर्षातले कितीतरी दिवस मांस वर्ज्य होतं : उपवासकाळाचे चाळीस दिवस, शुक्रवार, सणांच्या आदले दिवस. समुद्र तर लांब. म्हणजे आमच्या घरी शुक्रवारी जी बांगड्याची कढी होते आणि ब्रेनची ती तळी, यांचं मूळ एकच.

या तळ्यांचं काम कसं चालतं हे समजलं तेव्हा मला खरा धडा मिळाला. तळी साखळीने जोडलेली असतात. प्रत्येकाच्या बांधात खाली एक मोरी असते. हिवाळ्याच्या सुमारास ती उघडतात, पाणी हळूहळू खालच्या तळ्यात उतरतं आणि मासे मोरीजवळच्या खोलगट भागात गोळा होतात. मग भल्या पहाटे माणसं पाण्यात उतरून जाळी ओढतात. अधूनमधून एखादं तळं वर्षभर कोरडंच ठेवतात, तळाच्या गाळाला हवा लागू देतात. हे सगळं थांबवलं तर काय होतं? गाळ साचतो, वेत-लव्हाळे पसरतात, मग विलोची झाडं येतात आणि काही दशकांत तळ्याचं रान होतं. म्हणजे ते 'नैसर्गिक' दिसणारं पाणी टिकतं ते दरवर्षी कुणीतरी गुडघाभर चिखलात उतरतं म्हणून. जांभळे बगळे, बिटर्न, कुरव, तळ्यातली युरोपीय कासवं या सगळ्यांचा संसार त्या मोरीवर चाललाय.

एकदा ही तळी संपवायचाही प्रयत्न झाला होता. पाणथळ मुलूख म्हणजे हिवताप, दारिद्र्य आणि मठांची सत्ता, असं क्रांतिकारकांना वाटलं. डिसेंबर १७९३मध्ये तळी फोडून तिथे पेरणी करण्याचा कायदा झाला. तो फार टिकला नाही, १७९५मध्ये मागे घेतला गेला. हिवताप खोटा नव्हता, लोक खरंच मरत होते. हेही विसरायला नको. पण एका काळाची 'रोगट दलदल' दुसऱ्या काळाचा ठेवा होते. १९८५मध्ये तिथे शेरीनचं राखीव क्षेत्र झालं, १९८९मध्ये ब्रेनचं प्रादेशिक निसर्ग उद्यान, आणि १९९१मध्ये रामसर यादीत नाव आलं.

गढ्यांचंही तसंच. ब्रेनमधल्या एका मोठ्या तळ्याचं नाव आहे 'तांबडा समुद्र', आणि जवळच बूशेची जुनी गढी उभी आहे. सांगतात की इथला एक सरदार क्रुसेडमध्ये पकडला जाऊन तांबड्या समुद्राजवळ कैदेत होता. सुटून घरी आल्यावर त्याने आपल्या तळ्याला ते नाव दिलं. खरंखोटं देव जाणे. पण ज्या पाण्याकडे बघत कैदेत घरची आठवण काढली, त्याचंच नाव घरच्या पाण्याला द्यावं, यात कुठल्याही ललित लेखाचा ऐवज आहे.

आता हे सगळं बघायचं कसं? चालत. फ्रान्समध्ये खुणा केलेल्या पायवाटांचं मोठं जाळं आहे. पहिला लांब पल्ल्याचा मार्ग १९४७मध्ये ओर्लेआँ ते बोजाँसी असा ल्वार नदीकाठी आखला गेला. खुणांची भाषा अगदी सोपी आहे. पांढरा पट्टा आणि त्याखाली लाल, म्हणजे लांब पल्ल्याची वाट. पिवळा आणि लाल, म्हणजे एखाद्या प्रदेशाला फेरी घालणारी. नुसता पिवळा, म्हणजे दिवसभरात संपणारी. आणि फुली दिसली की ही वाट आपली नव्हे, मागे फिरा. झाडांवर, खांबांवर, दगडांवर हे पट्टे रंगवणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक असतात. म्हणजे जेर्मँ आणि मारी आज निघाली असती तर चुकली नसती. कादंबरीही झाली नसती, ही गोष्ट वेगळी!

पण वाट असणं आणि ती मोकळी असणं यांत फरक आहे. ब्रेनमधली बरीचशी तळी खाजगी आहेत. चालणाऱ्याने रस्त्यावरून, सार्वजनिक वाटेवरून किंवा पक्षी बघायच्या लाकडी खोपीतूनच ती बघायची. ईशान्येला सोलोन्य नावाचा असाच तळ्यांचा आणि रानांचा मुलूख आहे. शांबोरचा प्रसिद्ध महाल तिथलाच, १५१९मध्ये सुरू झालेला, ज्याच्या रानाभोवती सुमारे ३२ किलोमीटरची भिंत आहे. भिंत राजाची होती. अलीकडच्या काळात शिकारीसाठी जमीन घेणाऱ्या धनिकांनी उंच तारांची कुंपणं घातली. हरणं, रानडुकरं अडकली. अखेर २ फेब्रुवारी २०२३च्या कायद्याने ठरवलं की अशी कुंपणं १.२० मीटरपेक्षा उंच नकोत आणि जमिनीपासून ३० सेंटीमीटर वर हवीत, म्हणजे जनावरांना ये-जा करता येईल. पण त्याच कायद्याने असंही केलं की मनाईची पाटी असलेल्या खाजगी रानात शिरणाऱ्या माणसाला दंड. रानडुकराला वाट मिळाली, माणसाची गेली. तिथले गिर्यारोहक आणि पदयात्री यावर चिडले, हे समजण्यासारखं आहे. आणि मालकालाही काही हक्क आहे, हेही खरं.

या वादात मला एक शब्द सापडला, 'शमँ र्‍युराल'. म्हणजे गावाच्या मालकीची, शेताशेतांतून जाणारी, सगळ्यांना खुली वाट. आपल्याकडे याला अस्सल शब्द आहे : पाणंद. अशा वाटेबद्दल फ्रेंच कायदा एक गोष्ट सांगतो, जी मी दोनदा वाचली. लोकांनी तिचा वापर सोडला, तर गावाला ती विकता येते. वाट चालणाऱ्यांची असते, पण फक्त चालतात तोवर.

इथे मला मामाचं गाव आठवलं. खानापूर तालुक्यातलं. गावातून तळ्याच्या बांधावरून चॅपेलकडे जाणारी एक पाणंद होती. आजी दर रविवारी त्या वाटेने मिस्साला जायची, वहाणा हातात घेऊन. मग डांबरी रस्ता झाला, घरोघरी मोटरसायकली आल्या. तीन वर्षांपूर्वी आम्ही गेलो तर पाणंदीवर कंपाउंडची भिंत उभी. मामा विचारायला गेला, तर तो माणूस शांतपणे म्हणाला, "गेल्या दहा वर्षांत कोण फिरकलंय हितनं, सांगा की." मामाकडे उत्तर नव्हतं. तेव्हा मला फक्त त्या माणसाचा राग आला होता. आता वाटतं, भिंत त्याने बांधली, पण पाया आम्हीच घातला होता. तळ्यात कुणी उतरलं नाही की तळं जातं, वाटेवर कुणी चाललं नाही की वाट जाते.

असाइनमेंटमधलं ते वाक्य मी खोडलं. त्या जागी लिहिलं : 'ही तळी माणसांनी केली, आणि रोजच्या कामाने राखली.' बाईंनी या वेळी काहीच लिहिलं नाही, फक्त बरोबरची खूण केली.

तुम्हीही एखादं निसर्गवर्णन वाचाल तेव्हा हा एक प्रश्न विचारून बघा : हे असं राहावं म्हणून कोण राबतंय? वर्णनात तो माणूस दिसत नसेल, तर तो का दिसत नाही?

गेल्या आठवड्यात मामाला फोन केला. म्हटलं, गावाच्या जुन्या नकाशात ती पाणंद तुटक रेषेने दाखवलेली असेल, नक्कल काढूया. तो म्हणाला, "नकाशा मिळंल गं पोरी, पण चालणार कोण?" नाताळच्या सुट्टीत मी आणि मामेभाऊ भिंतीपर्यंत तरी चालत जाणार आहोत. मामा म्हणतो, मीही येतो.