बीज, क्षेत्र आणि गुणसूत्र

आनुवंशिकता हा शास्त्र शाखेचा विषय. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यात लक्ष का घालावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु मांजरसुंब्याच्या चौफुलीवरून कोणत्याही दिशेच्या गावात जा. सुनेला तिसरी मुलगी झाली की घरात जे बोलले जाते ते आनुवंशिकतेविषयीच असते. फक्त ते चुकीचे असते. बरोबर काय ते कसे सांगावे, हा प्रश्न जीवशास्त्राइतकाच भाषेचा आहे, आणि भाषा हा तर आपला विषय.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. हा आकडा १९५६ साली निश्चित झाला. २३ आईकडून येतात, २३ वडिलांकडून. लिंग ठरविणारी जोडी स्त्रीमध्ये क्ष-क्ष अशी, तर पुरुषामध्ये क्ष-य अशी असते. म्हणजे आईच्या स्त्रीबीजात क्षच असणार. वडिलांच्या शुक्रजंतूंपैकी मात्र निम्म्यांत क्ष व निम्म्यांत य असतो. क्ष आला तर मुलगी, य आला तर मुलगा. अमेरिकेतील नेटी स्टीव्हन्स या विदुषीने पिठात होणाऱ्या भुंगेऱ्यांचा अभ्यास करून १९०५ साली याचा उलगडा केला. त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी बोल लागतो तो सुनेलाच.

हे गावात समजावताना बहुधा शेताचा दाखला दिला जातो. 'ज्वारी पेरली तर ज्वारीच उगवणार, जमिनीला दोष कशाला?' दाखला चटकन पटतो, म्हणूनच तो मला धोक्याचा वाटतो. पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे क्षेत्र ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ साली 'सीड अँड अर्थ' या निबंधात तिची चिकित्सा केली. या कल्पनेत मूल बापाचे ठरते आणि आईकडे उरते ते केवळ पोसणे. सुनेवरचा एक आळ काढायला जावे आणि तिचा मुलावरचा निम्मा वाटाच नाकारून बसावे, असा हा प्रकार. शास्त्राच्या दृष्टीने आई ही जमीन नव्हे. निम्मे बीज तिचेच.

त्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातलाच दाखला घ्यावा. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. दोघांपैकी एक नसेल तर तो अर्धा. २३ अधिक २३ हा हिशेब कोणत्याही टोळीत यापेक्षा जास्त समजावून सांगावा लागणार नाही.

लिंगनिश्चितीसाठी पपई चांगली. जुन्या देशी पपईत नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. एकाच फळातले बी लावले तरी साधारण निम्मी झाडे नर निघतात, आणि ते ठरते नराच्या परागावरून. तिथे मात्र शेतकरी फळ न देणारे नर उपटतो! दाखला देताना हा भाग गाळला तरी चालेल. पण ऐकणाऱ्या बायका तो आपण होऊन बोलून दाखवतील असे वाटते.

यावर सासूचा पुढचा प्रश्न ठरलेला: 'मग दोष आमच्या मुलाचा का?' इथे होय म्हणणे सोपे आहे, पण तेही खरे नाही. कोणता शुक्रजंतू पोचावा हे कोणी ठरवीत नाही. नाणे उडविल्यासारखाच हा प्रकार आहे. तीन वेळा काटा पडला म्हणून चौथ्यांदा छापा पडेलच असे नाही; नाण्याला मागची आठवण नसते. चार अपत्यांच्या सोळा कुटुंबांत सरासरी एका घरी चारही मुली असणारच.

याच हिशेबात मुलगा होण्याच्या औषधाचे रहस्य आहे. लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. औषध दिले जाते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. तरीही निम्म्या घरांत मुलगा होतो आणि तीं घरे औषधाची कीर्ती गावोगाव नेतात. उरलेली घरे गप्प बसतात. साखरेची पुडी दिली तरी एवढाच गुण यायचा. काय घातले आहे हे ठाऊक नसलेली पुडी गर्भाला अपाय करील तो वेगळाच.

वंशाच्या दिव्याविषयीही थोडे. बापाकडून फक्त मुलाकडेच जाणारे गुणसूत्र एकच, ते य. आणि ते अगदी लहान, त्यावरील जनुकेही थोडी. बाकीचे २२ बाप मुलीलाही देतोच, शिवाय आपला क्ष देतो तो मुलीलाच.

एका घरात नाणे कसेही पडेल, जिल्ह्यात मात्र ते समतोलावर येते. निसर्गतः सुमारे १०५ मुलांमागे १०० मुली जन्मतात, म्हणजे हजार मुलांमागे साडेनऊशेच्या आसपास. बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील मुलींचे हे प्रमाण २००१ च्या जनगणनेत ८९४ होते, २०११ मध्ये ८०७ झाले. राज्यात सर्वांत कमी. ही तूट गुणसूत्रांनी पाडलेली नाही. महाराष्ट्राने याविरुद्ध देशात सर्वप्रथम, १९८८ साली कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात स्थानिक भाषेतही फलक लावावा लागतो: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. फलक हवाच. पण 'निदान' हा शब्द मराठीत आपण एरवी रोगाच्या बाबतीत वापरतो.