कोरोना विषाणू आणि जनावरांच्या पेशींची कुलपे

सन २०२० च्या प्रारंभी कोंबडीच्या मांसातून कोरोना पसरतो, अशी अफवा उठली आणि महाराष्ट्रातील अनेक कुक्कुटपालकांना पक्षी मातीमोल भावाने विकावे लागले. दारात म्हैस व परड्यात कोंबड्या अशी घरे कोल्हापूर जिल्ह्यात पुष्कळ आहेत. तेथे हा प्रश्न पुन्हा निघाल्यास त्यामागील शास्त्र गावच्या कार्यकर्त्यास ठाऊक असावे.

विषाणू स्वतंत्रपणे वाढत नाही. त्यास सजीव पेशीत शिरावे लागते. पेशीच्या पृष्ठभागावर 'ग्राही' नावाचे घटक असतात. ग्राही हे कुलूप मानल्यास विषाणूच्या अंगावरील काटे म्हणजे त्याच्या किल्ल्या होत. कोविडच्या विषाणूची किल्ली 'एसीई-२' या ग्राहीस लागते. कोंबडीतही हे प्रथिन असते. परंतु त्याची घडण माणसातील प्रथिनाहून इतकी भिन्न आहे की किल्ली नीट बसत नाही. जर्मनीत २०२० साली कोंबड्यांना हा विषाणू मुद्दाम देण्यात आला, तरी त्यांस लागण झाली नाही. तेथेच सहा गुरांवर प्रयोग केला असता दोहोंतच विषाणूची अल्पशी वाढ आढळली, आणि सोबत ठेवलेल्या तीन गुरांपैकी एकासही लागण झाली नाही. मांजराचे कुलूप मात्र माणसाच्या कुलपाशी बरेच मिळतेजुळते आहे. त्याच कुळातील आठ सिंहांस २०२१ साली हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात लागण झाली. म्हणून कोविडच्या रुग्णाने घरातील मांजरास जवळ घेऊ नये.

कुलूप जुळले म्हणजे रोग जडलाच, असेही नव्हे. डुकराचे ग्राही या विषाणूस प्रयोगशाळेत चालते; तरीही जर्मनीतील प्रयोगात डुकरांस लागण झाली नाही. शिवाय किल्लीही बदलते. साध्या उंदरांस मूळ विषाणू लागत नसे, पुढे उद्भवलेले काही प्रकार लागू लागले.

गोठ्यातील खरी काळजी निराळीच आहे. वासरांना हगवण लावणारा एक विषाणू आणि कोंबड्यांत संसर्गजन्य ब्राँकायटिस घडविणारा विषाणू हेही कोरोना कुळातलेच; पण त्यांच्या किल्ल्या दुसऱ्या कुलपांच्या आहेत. तपासणीच्या अहवालात 'कोरोना' हा शब्द दिसला म्हणून घरच्या माणसांनी घाबरू नये. जनावराकडे मात्र दुर्लक्ष करू नये. नवजात वासरास वा रेडकास पहिल्या दोन तासांत चीक पाजावा, हगवण लागलेले वासरू वेगळे बांधावे व त्याचे शेण तत्काळ उचलावे. कोंबड्यांना धाप लागल्यास, घशात घरघर ऐकू आल्यास किंवा वेड्यावाकड्या कवचाची अंडी येऊ लागल्यास नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.